पाच माणसं जमली तर पिक्चर लागेल

जानेवारी लागला की पुण्याचा मावसभाऊ मेसेज टाकतो, 'गेल्या वर्षीचे तुझे आवडते दहा पिक्चर पाठव.' न चुकता, दर वर्षी. आणि दर वर्षी माझं डोकं फिरतं. अरे बाबा, आवडायला आधी बघायला मिळायला नको का?

तुझं बरंय. घरापासून पंधरा मिनिटांवर चार थेटरं. रात्री जेवून आरामात शेवटच्या शोला जातोस, नाही आवडला तर मध्यंतरात उठून येतोस. मी पिक्चरला जातो म्हणजे रजा टाकून जातो. कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहितो मी, सीझनला रजा मागितली की शेठ विचारतात, कोण वारलं? साडेसहाची एसटी, पन्नासेक किलोमीटर जळगाव, पाय मोडून स्टँडवर उतरायचं, मग रिक्षा. का? तर मराठी पिक्चरचा अख्ख्या दिवसात एकच शो, तोही सकाळी सव्वानऊला!

सव्वानऊला पिक्चर बघतं कोण, सांगा ना मला. शेतकरी शेतात, मजूर कपाशीत, बाया डबे करून राहिल्या, दुकानदारानं शटर वर करून अजून उदबत्ती लावलेली नाही. दूध घालून आलेला माणूस त्या वेळी भाकरीला बसतो. अशा वेळी शो लावायचा आणि सोमवारी सांगायचं, 'काय करणार, मराठीला पब्लिकच नाही.' माणसाचे हातपाय बांधून विहिरीत ढकला आणि वर म्हणा, याला पोहता येत नाही.

गेल्या मार्चमधलीच गोष्ट. 'स्थळ' आला होता, ७ मार्च २०२५ ला. जयंत सोमलकरांचा हा पिक्चर २०२३ मध्येच टोरांटोच्या महोत्सवात बक्षीस घेऊन आला होता. म्हणजे कॅनडातल्या लोकांनी आमच्या दीड वर्ष आधी बघितला. चंद्रपूरकडचं खेडं, लग्नाची पोरगी, कापसाला भाव नाही म्हणून अडलेला बाप. आता हा पिक्चर कापूसपट्ट्यात नाही चालणार तर काय कुलाब्यात चालणार? मी बुधवारी रजा टाकून गेलो. खिडकीवरचा पोरगा माझ्याकडे न बघताच म्हणे, "दादा, तुम्ही एकटेच आहेत. शो कॅन्सल होईन."

"किती लागतीन?"

"पाच तरी."

पाच! भजनी मंडळ आहे का हे? मी बाहेर जाऊन उभा राहिलो. खरं सांगतो, लाज सोडली. कॉलेजातलं एक जोडपं आडोसा शोधत होतं, त्यांना म्हटलं, पिक्चर चांगला आहे, एसी आहे, शेवटची रांग तुमची. ती दोघं लाजत-लाजत तयार झाली. वॉचमनला विचारलं, तो हसला फक्त. मग धोतर-टोपीतले एक काका दिसले, हातात एक्स-रेची मोठी पिवळी पिशवी. बाजूच्या दवाखान्यात काकू ॲडमिट, रिपोर्ट मिळायचा साडेबारानंतर, तोवर कुठे बसावं या विचारात उभे.

"काका, पिक्चरले बसता का? तिकीट मी काढस."

"थंड राही का तठे?"

"एकदम."

"मंग चाल."

झाले चार. पाचवं तिकीट मी त्या एक्स-रेच्या पिशवीचं काढलं. थट्टा नाही, पूर्ण पैसे भरून. पिशवी माझ्या आणि काकांच्या मधल्या खुर्चीवर बसली आणि तेव्हा कुठे पडद्यावर उजेड आला. त्यातही गंमत बघा, आम्ही पाच 'जण' जमेपर्यंत दहा मिनिटं गेलेली, ती भरून काढायला यांनी मध्यंतर आखडलं. जाहिराती मात्र सगळ्या दाखवल्या, एकही सोडली नाही.

सुरुवातीलाच सगळं उलटं आहे. पोरी प्रश्न विचारतात आणि मुलगा मान खाली घालून बसलेला. काका खुदकन हसले. पुढे तोच कार्यक्रम सुलटा होतो, पुन्हा पुन्हा होतो. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. तेच प्रश्न, तोच पाट, तसेच निर्विकार पाहुणे. तिसऱ्यांदा ते सुरू झालं तेव्हा काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मग शेवटपर्यंत ती डोक्यावर गेली नाही. बाहेर आल्यावर मला म्हणे, "पोरनं लगीन आनि कपाशीना भाव, दोन्ही एकच गोष्ट शे, भाऊ." मी वर्षभर या पिक्चरबद्दल बरंच वाचलं. एवढं नेमकं कुणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. आणि ह्या माणसाला हे लोक म्हणतात, पब्लिक नाही.

'स्थळ'च्या आधीच्या शुक्रवारी, २८ फेब्रुवारीला, 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' आला. मालेगाव सरकारदरबारी नाशिक जिल्ह्यात असेल, पण बोली विचाराल तर आमचंच, धुळ्याहून तासाभराचा रस्ता. यंत्रमागाच्या खटखटाटात राहणारी माणसं, शुक्रवारी सुट्टी म्हणून थेटरात गर्दी करणारी, उसनवारी करून स्वतःचे पिक्चर काढणारी. हिंदीत आमच्या बाजूची अशी गोष्ट किती वर्षांनी आली! मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढच्या आठवड्यात आमच्या जवळच्या थेटरातून तो उतरलेला. सगळीकडे 'छावा'. 'छावा'बद्दल माझी तक्रार नाही, मी दोनदा बघितला आणि शेवटी घसा दाटून आला. पण त्याच्या बारा शोमधला एक कमी केला असता तर काय आभाळ कोसळणार होतं?

सगळा दोष थेटरवाल्यांचा आहे असंही नाही. आपलेच लोक काय कमी आहेत? १२ सप्टेंबरला एकाच दिवशी तीन मराठी पिक्चर. 'दशावतार', 'आरपार', 'बिन लग्नाची गोष्ट'. वर्षाला बावन्न शुक्रवार असतात हो! आधीच आम्हाला दिवसाला दोन शोचं दान मिळतं, त्यात तीन वाटेकरी. 'दशावतार' तेवढा गाजला म्हणून टिकला आणि मला नीट बघता आला, रविवारी, संध्याकाळी, माणसासारखा. ८१ वर्षांचे दिलीप प्रभावळकर पडद्यावर काय करतात ते बघून माझ्या शेजारचा माणूस पॉपकॉर्न खायचं विसरला. संध्याकाळचा शो मिळाल्यावर हाउसफुल्ल झालं होतं, हे त्या सव्वानऊवाल्यांना कुणीतरी कळवा.

'साबर बोंडं' तर सोडूनच द्या. रोहन कानवडेंच्या या पिक्चरला २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेत सनडान्स महोत्सवात मोठं ज्युरी पारितोषिक मिळालं. मराठी पिक्चर, बापाच्या दहा दिवसांच्या सुतकाची आणि दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट. १९ सप्टेंबरला इकडे प्रदर्शित झाला. 'इकडे' म्हणजे कुठे ते विचारू नका. आमच्या तालुक्याच्या एका पडद्यावर त्या आठवड्यात काय चालू होतं ते सांगत बसलो तर आणखी रक्त आटेल. भाऊ म्हणतो, बघितलाच नसशील तर यादीत कसा टाकतोस? मी टाकणार. पहिल्या नंबरवर टाकणार. न बघितलेल्यांमधला माझा सगळ्यात आवडता.

आणि ते नियम! २०१५ मध्ये सरकारनं जाहीर केलं, मराठीला संध्याकाळी सहा ते नऊ पडदा द्यायचाच. मग आता पॉपकॉर्नऐवजी वडापाव का, या टोमण्यावरून केवढं रामायण झालं तेव्हा. मग काही दिवसांतच सहा ते नऊचं दुपारी बारा ते रात्री नऊ झालं. दुपारी बारा! ज्यांनी हे ठरवलं त्यांनी एकदा मे महिन्यात बारा वाजता जळगावच्या स्टँडवरून थेटरपर्यंत चालून दाखवावं. पारा चव्वेचाळीस. डांबराला चप्पल चिकटते. आणि आता तर ते बारासुद्धा कुठे दिसत नाहीत, सव्वानऊच.

महोत्सव बघ म्हणतो भाऊ. जानेवारीत अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सव असतो ना. असतो, संभाजीनगरला असतो. अजिंठ्याची लेणी आमच्या जळगावपासून साठ किलोमीटर, संभाजीनगरपासून शंभर. नाव लेण्यांचं, पडदा तिकडे, आणि मधल्या रस्त्यानं आमच्या कमरेची जी वाट लावली ती वेगळीच.

सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो माहितीये? टीव्हीवर बसून कुणीतरी गळा काढतं, 'मराठी प्रेक्षकच थेटरात येत नाही, घरी मोबाइलवर बघतो.' हो, बघतो! जिनिंगच्या ऑफिसात, रुई उडत असताना, मध्येच ट्रकवाला पावती मागायला येतो, तेव्हा थांबवून, तीन दिवसांत एक पिक्चर. हौस आहे का ती? एका पिशवीचं तिकीट काढलेला माणूस आहे मी. मला नका शिकवू.

आज गुरुवार. उद्या एक नवीन मराठी पिक्चर लागतोय. ॲप उघडून बघितलं, जळगावात एकच शो, सकाळी ९:१०. पाच मिनिटं अलीकडे आणलाय, उपकार.

त्या काकांचा नंबर मी घेऊन ठेवला होता. आत्ताच फोन केला. काकू बऱ्या आहेत, त्याही येतो म्हणतात. तीन झाले. अजून दोन लागतीन.