अ‍ॅप विचारलंस, मी कागदाची पट्टी सांगतेय

परवा मैत्रिणीचा मेसेज आला, "लेक सहावीत गेली गं, गणित-विज्ञानासाठी एखादं चांगलं अ‍ॅप सांग ना." असं विचारणारं कोणी ना कोणी असतंच. माझं उत्तर ठरलेलं: आधी ३० सेंटिमीटरची कागदाची पट्टी काप. त्यावर हसरा चेहरा येतो आणि विषय मिटतो. म्हणून आज जरा सविस्तर.

मी सुट्टीच्या दिवशी काही मुलांना शिकवते. एक छेद दोन अधिक एक छेद तीन विचारलं की निम्मी पोरं बेधडक सांगतात, दोन छेद पाच. वर वरची बेरीज, खाली खालची. अ‍ॅपवर लाल फुली येते, टुंग वाजतं, लसावि काढायची रीत दिसते आणि पुढचं गणित. पट्टीवर काय होतं बघा. अर्धी पट्टी १५ सेंटिमीटर. तिला एक तृतीयांश, म्हणजे १० सेंटिमीटरचा तुकडा जोडला. आता तुझं उत्तर मोजून दाखव म्हटलं. पोराने पाच सारखे भाग केले, दोन घेतले. १२ सेंटिमीटर. मग बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाला, "ताई, मिळवल्यावर कमी कसं झालं?"

हा प्रश्न त्याला पडावा एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप. लसावि त्यानंतर दहा मिनिटांत समजला.

शिकवायचं साहित्य म्हणजे महागडं किट, हा समज कुठून आला कोण जाणे. एका शाळेत मी असं किट कपाटात बघितलंय, चकचकीत, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेलं. कपाटाला कुलूप. मुलं मोडतील म्हणून! अहो, मोडू देत की.

आणि छापील चित्रांबद्दलही माझी तक्रार आहे. पृथ्वी आणि चंद्र पानावर शेजारी शेजारी बसवलेले असतात. पानाच्या रुंदीला इलाज नाही, कबूल. पण २० सेंटिमीटरचा चेंडू पृथ्वी धरला तर चंद्र साधारण साडेपाच सेंटिमीटरचा होतो, आणि तो कुठे ठेवायचा? मुलं वीतभर अंतरावर ठेवतात. खरं अंतर सरासरी ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाच्या तीस पट. चंद्र घेऊन सहा मीटर चालत जावं लागतं. तो चालत जाणारा मुलगा मधेच थांबून "अजून?" विचारतो, तेव्हा मला भारी मजा वाटते.

मी काही स्क्रीनच्या विरोधात नाही. कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' घ्या. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला उपक्रम, फुकट, आणि काही सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करायचे प्रयोग, मराठीतही आहेत. त्यातला लंबक मला फार आवडतो. पण तो दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी दोरी आणि दगड. एक मीटर दोरी, छोटे झोके (जाऊन परत आला की एक), दहा झोक्यांना साधारण २० सेकंद. कोणाचे १९.६ येतात, कोणाचे २०.४. एकाचे १८ आले. शोधल्यावर कळलं, दगड सोडतानाच तो "एक" म्हणाला होता. त्याचे "दहा" झाले तेव्हा झोके नऊच झाले होते. अशी चूक सिम्युलेशनमध्ये शोधायला मिळेल का? मग दोरी पाव मीटर केली. सगळे म्हणाले, वेळही पाव होणार. झाली निम्मी, १० सेकंद. दगड जड घेतला, फरक शून्य. यावर भांडण झालं, तीनदा पुन्हा मोजलं.

दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर तोच लंबक चंद्रावर नेला. तिथे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढं. दहा झोक्यांना ४९ सेकंद. हे काम घरातली दोरी करू शकत नाही, तिथे कॉम्प्युटरच हवा.

तर मैत्रिणीने खरंच पट्टी कापली. काल रात्री मेसेज, "अर्धे, तिसरे, पाचवे झाले. आता ही म्हणते सात सारखे भाग कसे करू? पट्टीवर नीट येतच नाहीत."

मी लिहिलं, दहा सेंटिमीटरची पट्टी घे, रेघांच्या वहीवर तिरकी ठेव. एक टोक एका रेघेवर, दुसरं तिथून खाली सातव्या रेघेवर. मधल्या रेघा पट्टीला जिथे लागतील तिथे खुणा कर. भाग सारखे का पडतात ते मुद्दाम लिहिलं नाही. सकाळपासून लेकीचे चार व्हॉइस मेसेज आलेत.