सेनापतीचा मुक्काम, शंभर शब्दांत

व्हर्जिनियात यूएस-१ रस्त्याने पीटर्सबर्गकडे जाताना, शहर लागायच्या जरा आधी, कडेला खांबावर एक करडी पाटी दिसते. वर राज्याची मुद्रा, खाली काळी उठावदार अक्षरं. अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ च्या उन्हाळ्यात, दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचा तळ इथे व्हायोलेट बँक नावाच्या घराच्या आवारात होता. त्याच आवारात १७८१ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, वॉशिंग्टनच्या बाजूने लढणारा फ्रेंच सेनानी लाफायेतही उतरला होता. आज घराचं छोटं संग्रहालय झालंय आणि अंगणात मॅग्नोलियाच्या जातीचं एक अवाढव्य झाड आहे. पाटी वाचायची तर गाडी बाजूला घ्यावी लागते, आणि मागचा हॉर्न वाजवतो.

या पाट्यांचा कारभार १९२७ पासून चालू आहे. आज त्या अडीच हजारांहून जास्त आहेत. कोणीही प्रस्ताव द्यावा, खर्च बहुतेक वेळा प्रस्ताव देणाऱ्यानेच उचलावा, मजकूर साधारण शंभर शब्दांत बसवावा आणि प्रत्येक विधानाला पुरावा जोडावा. मग राज्याचं मंडळ मंजुरी देतं. ‘थोर’, ‘अजरामर’ वगैरे घालायला जागाच उरत नाही.

मी हे कौतुकाने मामाला सांगितलं, तर तो म्हणाला, “तिकडे बसून शहाणपण शिकवायला काय जातं तुझं?” त्याचं अगदीच चूक नाही. या पाट्याही काही सोवळ्या नाहीत. कित्येक वर्षं त्यांवर सेनापती, तारखा आणि तोफा होत्या. ज्यांची गुलामी टिकवायला दक्षिण लढली, ती माणसं क्वचितच. व्हायोलेट बँकपासून गाडीने थोड्याच अंतरावर, अ‍ॅपोमॅटॉक्स नदी जेम्स नदीला मिळते तिथे, सिटी पॉइंटला उत्तरेचा सेनापती ग्रँट याचा तळ होता. ज्या एप्स कुटुंबाच्या हिरवळीवर त्याची लाकडी खोली उभी राहिली, त्यांचे बहुतेक गुलाम १८६२ मध्येच उत्तरेच्या सैन्याकडे पळून गेले होते. ही बाजू सांगणाऱ्या पाट्या फार उशिरा, गेल्या काही दशकांत वाढल्या. जुन्या पाट्यांचा मजकूर बदलून नवा लावण्याची सोय मात्र आहे, आणि ती वापरली जाते. पुतळ्यात दुरुस्ती कशी करणार? रिचमंडचा लीचा पुतळा १८९० मध्ये उभा राहिला तो २०२१ मध्ये उतरवावाच लागला.

आपल्याकडे वाद होतो तो उंचीवरून. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन २०१६ मध्ये झालं, आणि स्मारक उभं राहण्याआधीच पुतळा किती मीटर आणि तलवार किती मीटर यावर भांडणं झाली. मालवणचा राजकोट किल्ल्यावरचा पुतळा २०२४ मध्ये कोसळला, तर उत्तर म्हणून त्याच जागी त्याहून उंच पुतळा आला. महाराज कुठल्या दिवशी कुठे होते, हे सांगायला शंभर शब्द आणि एक खांब पुरतो. पण त्याच्या उद्घाटनाला मंत्री कशाला येईल?

२०२५ च्या मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीवरून नागपूर पेटलं, तेव्हा मला खुलताबादपेक्षा ब्रह्मपुरी जास्त आठवत होती. मंगळवेढ्याजवळ, भीमेच्या काठी, माचणूरच्या शेजारी. १६९५ ते १६९९ औरंगजेबाची मुख्य छावणी तिथे होती. दिल्लीचा बादशहा, हिंदुस्थानातली सगळ्यात मोठी फौज हाताशी, आणि चार वर्षं सोलापुरातल्या नदीकाठी तंबू ठोकून बसलेला! १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला तो परत गेलाच नाही. १७०७ मध्ये नगरला मेला. मराठ्यांनी त्याला किती झुंजवलं याचा यापेक्षा बोलका पुरावा कुठला हवा? तिथे मुख्य रस्त्यावर, एसटीतूनही दिसेल अशी ठळक पाटी हवी. शत्रूचा तळ नोंदवणं म्हणजे त्याची आरती करणं नव्हे.

मामाला हे पटलं, चक्क. वर त्याने अट घातली, “संताजीचं नाव आलं पाहिजे.” बरोबरच आहे. १६९५ च्या अखेरीस कर्नाटकातल्या दोड्डेरीला मराठ्यांचे सेनापती संताजी घोरपड्यांनी मोगल सरदार कासिमखानाची फौज कोंडून गुडघ्यावर आणली, त्या वेळी बादशहा ब्रह्मपुरीच्याच छावणीत होता. हे वाक्य पाटीवर अगदी आरामात बसतं.

मग मी पुढचं वाक्य सुचवलं: १६९७ मध्ये, छावणी अजून तिथेच असताना, संताजी नागोजी माने यांच्या हातून मारले गेले, आणि मोगलांशी लढताना नव्हे, तर आपल्यातल्याच वैरातून. राजाराम महाराजांशी बिनसलेलं, धनाजींशी फाटलेलं. पुरावा हवा तेवढा आहे, शब्दही फार लागत नाहीत.

फोनवर मामा जरा थांबला. “ते कशाला आता पाटीवर?” म्हणाला. व्हर्जिनियातही जुन्या पाट्यांवरच्या गाळलेल्या ओळींबद्दल लोक हेच म्हणत आले. मी मसुद्यात ते वाक्य ठेवलंय. मामाने अजून होकार दिलेला नाही. “नागोजी मान्यांचे वंशज आहेत की रे त्या भागात,” एवढीच नवी हरकत काढलीय.