‘३८ चा सेट माझ्या अंगाला बसलाच नाही’ या रिव्ह्यूला माझं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला, तिन्ही फोटो मोठे करून पाहिले आणि मगच लिहायला बसले. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंनी आमच्याकडून ३८ चा ब्लाउजचा पेपर कटिंग सेट आणि पँटचा फर्मा (कापड कापायचा कागदी नमुना) घेतला. ब्लाउज पैठणीच्या ब्लाउजपीसवर कापला. छाती, कंबर बरोबर, तरी मागची कड वर चढते, पुढचा गळा घशाला लागतो आणि मागचा गळा खांद्यावरून घसरतो. पँट बसताना मागून खाली ओढली जाते. आम्हाला मेसेज केला, तर ‘तुम्ही माप नीट घेतलं नसेल’ असं उत्तर गेलं. त्यावर ताईंनी विचारलंय, ‘ही मापं नक्की कुठल्या बाईची आहेत?’

आधी चूक कबूल करते. ते उत्तर माझ्या भाच्याने दिलं होतं. तो पाकिटं भरतो, कुरिअर बघतो, सुईत दोरा ओवायची वेळ त्याच्यावर कधी आलेली नाही. पण दुकान माझं, म्हणून चूक माझी. तुमचं माप बरोबरच आहे. दुसरं म्हणजे पाकिटावर ‘सर्व शरीरयष्टींसाठी योग्य’ असं छापलं होतं. ते मीच छापून घेतलं आणि ते खोटं आहे. बावीस वर्षं इचलकरंजीत बायकांचे ब्लाउज शिवतेय, सगळ्यांना बसेल असा एकही फर्मा मला काढता आलेला नाही. उरलेली पाकिटं परवा काढून बसले आणि त्या ओळीवर चिकटपट्टी लावली.

आता कुठल्या बाईची मापं. कुठल्याच नाही. माझ्या वहीत गिऱ्हाइकांची मापं आहेत, त्यांची सरासरी काढून तक्ता केला. सरासरी म्हणजे कोणाच्याच अंगावर नसलेलं माप. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेने ‘इंडिया साइझ’ नावाने सहा शहरांतल्या २५,००० हून जास्त लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायचं काम हाती घेतलं. त्यातून तयार कपड्यांचे नंबर सुधारतील, पण तुमची पाठ तुमचीच राहणार.

छाती ३८ असलेल्या दोन बायका शेजारी उभ्या करा. एकीचं अंग पुढे भरलेलं, पाठ अरुंद. दुसरीची पाठ रुंद, पुढे बेताचं. टेप दोघींना ३८ च सांगतो. टेप गोल फिरतो, कुठे किती आहे ते त्याला कळत नाही. आपल्याकडच्या क्लासमध्ये छातीच्या मापाला भागून खांदा, मुंढा (बाही जोडायची गोलाई), गळा काढायला शिकवतात. शिकायला ते सोपं असतं, पण सगळी गफलत तिथेच होते.

तुमच्या दुसऱ्या फोटोत शोल्डरची शिलाई खांद्याच्या माथ्यावर नाही, बोटभर मागे गेलीय. मुंढ्याच्या खालच्या टोकापासून पाठीच्या हाडाकडे दोन तिरप्या सुरकुत्या आहेत. मला तेवढं पुरलं. तुमची पाठ मानेखाली गोल आहे. याला पोक म्हणू नका हं! दिवसभर मशीनवर, ओट्यापाशी किंवा लॅपटॉपसमोर वाकणाऱ्या कितीतरी जणींची अशी असते, माझीही आहे. गोल पाठीवरून जायला कापडाला जास्त लांबी लागते. ती फर्म्यात नसली की कापड जिथून मिळेल तिथून ओढून घेतं. खालची कड वर येते, पुढचा गळा मागे खेचला जातो. त्यात तुम्ही मागचा मटका गळा खोल घेतलाय, म्हणजे खांद्यावर धरून ठेवायला उरली दोन इंचांची पट्टी. ती घसरणारच.

‘४० चा घ्यायला हवा होता’ असं तुम्ही लिहिलंय. तसं करू नका. ४० मध्ये गळा, खांदा, मुंढा सगळंच वाढेल, म्हणजे खांद्यावरून आणखी घसरेल, आणि पाठीची लांबी म्हणावी तशी वाढणार नाही. उलट काखेखालून, छातीच्या वर टेप लावून बघा. तिथे ३५ च्या आसपास आलं तर तुमचा फर्मा ३६ चा, आणि वाढवायचं ते फक्त जिथे कमी पडतंय तिथे.

कसं ते सांगते. गळा कापलेल्या फर्म्यावर हे करू नका, आधी बंद गळ्याचा पाठीचा भाग कागदावर काढून घ्या. मानेच्या मणक्यापासून चार-साडेचार इंच खाली, जिथे पाठीची हाडं सगळ्यात बाहेर येतात, तिथून मुंढ्यापर्यंत आडवी रेघ मारा. मध्यरेषेकडून कापत जा, मुंढ्यापाशी कागदाचा केसभर धागा राहू द्या. मध्यावर अर्धा इंच उघडा, खाली दुसरा कागद चिकटवा. आता वरचा भाग किंचित कलतो आणि मध्यरेषा वाकडी दिसते. पाठ दुमडलेल्या कापडाच्या घडीवर कापायची असल्यामुळे ती पट्टी लावून सरळ करा. मानेपाशी साधारण पाव इंच जास्तीचं येईल. बंद गळा असेल तर ते शोल्डरच्या छोट्या टक्समध्ये (शिवलेल्या चुणीत) घ्यायचं, खोल गळ्यात तो भाग बहुतेक कापलाच जातो. मग हवा तो गळा काढा. गळ्याची कड सुटी वाटली तर कागदावरच तिथे चिमूट घ्या आणि तेवढं कमरेच्या टक्समध्ये सरकवा.

तुमच्या उलट अडचण म्हणजे कमरेत आत वळलेली पाठ. ब्लाउज आखूड असल्यामुळे त्यात फार कळत नाही, कुर्त्यात मात्र सीटच्या (नितंबांच्या) वर कापडाची आडवी घडी साचते. बायका म्हणतात, ‘बाजूने घट्ट कर.’ घट्ट केलं की घडी तशीच आणि कुर्त्याचे कट फाकतात. तिथे मध्यावर अर्धा इंच लांबी कमी करून बाजूच्या शिलाईपाशी शून्यावर आणायची असते. त्यासाठी पाठीला मध्ये जोड द्यावा लागतो, घडीवर ते जमत नाही.

आता पँट. तुमची सीट ४२, फर्म्यातही ४२. इथे तर माझ्या सूचनापत्राची सरळ चूक आहे, कारण त्यात आसनाची (पायांमधून पुढून मागे जाणाऱ्या शिलाईची) लांबी कशी मोजायची तेच लिहिलेलं नाही. कमरेला नाडी बांधा, पुढच्या नाडीपासून पायांमधून मागच्या नाडीपर्यंत टेप न्या, मग फर्म्याची पुढची-मागची वळणं शिलाईचा दाब (शिलाईसाठी ठेवलेली जादा कड) वगळून टेप उभा धरून मोजा. तुमची सीट बाजूला नाही, मागे भरलेली आहे. तिसऱ्या फोटोत आसनाच्या टोकापासून वर सीटकडे सुरकुत्या पसरल्यात, बेल्ट मागे दोन बोटं खाली उतरलाय. म्हणजे लांबी मागे हवी. मागच्या भागावर सीटच्या रेषेत मध्याकडून कापा, बाजूच्या शिलाईपाशी धागा ठेवा, पाऊण इंच उघडा. आसनाचं टोक अर्धा इंच पुढे वाढवा. बाजूची शिलाई आणि पुढचा भाग आहे तसाच. ज्यांची सीट सपाट असते त्यांच्या पँटला सीटखाली ढिली झोळी पडते. त्यांनी याच्या उलट करायचं.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. ‘पैठणी वाया गेली’ याचा दोष तुम्ही फर्म्याला दिलाय. कुठलाही नवा फर्मा, माझा असो की परदेशातून मागवलेला, पहिल्यांदा थेट रेशमावर ठेवायचा नाही. आधी मांजरपाट घ्या, कच्ची टीप घाला, आरशासमोर हात वर-खाली करून बघा. आमच्या गावात मागावरून उतरलेलं कोरं कापड सहज मिळतं, म्हणून मला हे सांगायची गरजच वाटली नव्हती. ती चूकही माझ्याच खात्यात धरा. यापुढे प्रत्येक पाकिटात त्याची सूचना जाईल.

दोन्ही सेटचे ७०० रुपये आज परत पाठवतेय, फर्मे तुमच्याकडेच राहू द्या. ब्लाउजसाठी जे शक्य आहे तेच सांगते. पाठीत नवी लांबी घालता येणार नाही, पण शोल्डर उसवून मागच्या बाजूचा दाब पूर्ण सोडला तर थोडीफार मिळेल. शोल्डर जागेवर येईल, मागच्या गळ्याला दोरी लावली तर घसरायचं थांबेल. खालची कड तरी वर राहिलीच, तर काठाची पट्टी जोडू, ती मुद्दाम लावल्यासारखी दिसेल. मजुरी घेणार नाही, कुरिअरचा खर्चही माझा. पाठवताना मापं नकोत, तुमच्या अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज घाला, मळका असला तरी चालेल. आणि पैठणीचं उरलेलं कापड असेल, तर काठाचा वीतभर तुकडासुद्धा टाकू नका, तोही पाकिटात ठेवा.