नाट्यपंढरीतील प्रतिष्ठितांसाठी काही सूचना

आपले यजमान हळदीच्या व्यापारात स्थिरावले असतील, विश्रामबागेत बंगलाही झाला असेल आणि तरीही सांगली आपल्याला सुसंस्कृत म्हणायला तयार नसेल, तर बाईसाहेब, नोव्हेंबरचा पहिला आठवडा वाया घालवू नका. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी येथे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, एवढी एकच माहिती पाठ असली तरी आठवडाभराचे संभाषण निभावते. ५ नोव्हेंबरला, म्हणजे मराठी रंगभूमी दिनी, भाव्यांच्या नावाचे गौरवपदक एखाद्या ज्येष्ठ रंगकर्मीला दिले जाते आणि त्या थोर व्यक्तीच्या शेजारी छायाचित्रात उभे राहण्याची संधी मिळते. तिचे एकही नाटक आपण पाहिलेले नसेल, तरी बिचकू नये. ‘तुमचं ते नाटक आम्ही कसं विसरू!’ एवढेच म्हणावे. ते नाटक कोणते, हे समोरची व्यक्ती आपल्या मनाशी ठरवून घेते आणि प्रसन्न होते.

नाट्यगृहात पोहोचायचे ते नांदी संपल्यावर, कारण आधी पोहोचलेल्या माणसाकडे कोणी वळून पाहत नाही. पुढे हरिपूरच्या देवलांचे ‘शारदा’ असेल, तर रुमाल जवळ ठेवावा. पैशासाठी पोटची मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेल्या कांचनभटाचा मनःपूर्वक संताप करावा आणि मध्यंतरात, वडा खाता खाता, भाचीसाठी आलेल्या स्थळाची चौकशी पुरी करून घ्यावी. मुलाचे वय विचारू नये. बागायत किती एकर आणि ऊस कोणत्या कारखान्याला जातो, हे विचारावे.

एक दिवस मिरजेसाठी राखून ठेवावा. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ पासून विसावले आहेत आणि उरुसात तेथे गवई बिदागीचा विचार न करता हजेरी लावतात. परंतु श्रोते जमिनीवर बसतात आणि कोण कोणाच्या पुढे बसले आहे हे नीट कळत नाही, म्हणून तो प्रसंग आपल्यासाठी नव्हे. आपण तंतुवाद्ये करणाऱ्यांच्या गल्लीत जावे. तेथे एखादा वयस्क कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर वाकून जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, लावत असतो. तो पट्टी अगदी हलक्या हाताने घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा घासतो, आणि दारात उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडे त्याचे लक्षही जात नाही. आपण दिवाणखान्याच्या कोपऱ्याला शोभेल असा, हस्तिदंती नक्षीचा तानपुरा दाखवायला सांगितले की तो मान वर करून विचारतो, ‘स्वर कुठला ठेवू? गाणार कोण?’ या प्रश्नाचे उत्तर घरून तयार करून न्यावे. (‘पाहुणे’ हे उत्तर अनेकांना उपयोगी पडले आहे.)

आता खरी अडचण. ज्या शहरात नाटकाला एवढे जुने प्रेक्षक आहेत, त्या शहरात आपलेही जुने प्रेक्षक असतात. मध्यंतराच्या गर्दीत सुती साडीतल्या एक बाई पुढे येतात, आपला हात धरतात आणि चारचौघींसमोर मोठ्याने म्हणतात, ‘अगं, तू गावभागातल्या वाड्यातली ना? स्नेहसंमेलनात वाक्य विसरून विंगेत पळाली होतीस ती! मीच प्रॉम्प्टिंगला होते. तुझं वाक्य मला अजून पाठ आहे.’ आणि त्या ते म्हणूनही दाखवतात, हातवाऱ्यांसह, आपण तेव्हा म्हणायला हवे होते तसे. वाड्यातल्या त्या दोन खोल्या, सामाईक नळ आणि दुसऱ्याचे मागून आणलेले परकर-पोलके, यांपैकी काहीही त्या विसरलेल्या नसतात. शिवाय त्यांनी तिकीट रांगेत उभे राहून काढलेले असते, त्यामुळे त्यांना बाहेरही काढता येत नाही.

अशा वेळी ओळख नाकारू नये. सांगलीत नाकारलेली ओळख दुसऱ्या दिवशी भाजी मंडईपर्यंत पोहोचते. उलट त्यांना मिठी मारावी, ‘माझ्या पहिल्या गुरू’ म्हणून पदकवाल्या पाहुण्यांशी ओळख करून द्यावी आणि पुढच्या वर्षी आपल्या महिला मंडळातर्फे त्यांचा जाहीर सत्कार ठेवावा. सत्कारमूर्तीला शाल, श्रीफळ आणि मानपत्र मिळते. मनोगतासाठी ठेवलेली दोन मिनिटे मात्र प्रथेप्रमाणे निवेदकच वापरतो.