कोपराचं ऑपरेशन केलं की हात आखडतो, हा मेसेज अर्धवट आहे
संक्रांतीचं, पतंगांचं उत्तरायण झालं की आपल्या बडोद्यात गच्चीवरून पडून मोडलेले हात दिसायला लागतात आणि त्यामागोमाग ग्रुपवर तो मेसेज पण येतोच, की कोपराचं ऑपरेशन केलं तर हात कायमचा आखडतो, तेल लावून चोळा, सगळं जागेवर बसतं. चोळायचं तर साफ चूक! ताज्या दुखापतीत जोरात मालिश केलं तर स्नायूत चक्क हाड तयार होऊ शकतं, मग हात खरंच अडकतो.

आता ऑपरेशनचं. कोपर नुसतं निखळलं असेल, कुठे मोडलं नसेल तर बहुतेक वेळा ऑपरेशन लागतच नाही, डॉक्टर गुंगी देऊन बसवतात, आठवडा-दोन आठवडे स्लॅब, म्हणजे एका बाजूचं अर्धं प्लास्टर, आणि मग हालचाल सुरू. पण कोपर टेकताना जे टोक टेबलाला लागतं ना, ते तुटून सरकलं तर दंडाचा मागचा स्नायू तो तुकडा वर ओढत राहतो, नुसतं प्लास्टर काय करणार बिचारं, तिथे बहुतेकदा वायर नाहीतर प्लेट घालावी लागते. लहान मुलांचं कोपराच्या वरचं हाड जास्त सरकलं तर बारीक तारा घालतात, ३-४ आठवड्यांत काढून पण टाकतात.

आखडतो म्हणाल तर हा सांधाच तसला, महिनाभर प्लास्टरमध्ये ठेवला तरी आखडतो. पक्कं बसवलं की हात लवकर हलवता येतो, ऑपरेशनचा अर्धा फायदा तोच.

आणि घट्ट पट्टी बांधल्यावर बोटं गार, सुन्न पडली किंवा दुखणं वाढतच गेलं तर सकाळची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठा.