गडद फिल्म म्हणजे थंड गाडी, हे समीकरण चुकीचं आहे

गाडीच्या काचांवर लावायच्या फिल्मबद्दलच्या लेखात ‘फिल्म जितकी गडद, तितकी गाडी थंड’ असं वाक्य होतं, ते अजिबात पटलं नाही. उन्हातली जवळपास अर्धी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांची असते. काच काळी दिसते म्हणून ही ऊर्जा अडतेच असं नाही. साधी रंगवलेली फिल्म ऊन शोषून स्वतः तापते आणि त्यातली बरीच उष्णता आत सोडते. चांगली सिरॅमिक फिल्म (इन्फ्रारेड अडवणारे सूक्ष्म सिरॅमिक कण असलेली) फिकट असूनही जास्त काम करते. आम्ही अकोल्याचे, मे महिन्यात पारा ४४-४५ला जाणं नेहमीचंच. भावाच्या गाडीची स्वस्तातली काळी फिल्म जांभळी पडली, आणि रात्री पावसात बाजूचा आरसाच दिसेना. हे फार धोक्याचं आहे.

दुसरं, मोटार वाहन नियमांनुसार काचेतून किमान ७० टक्के (पुढची-मागची काच) आणि ५० टक्के (बाजूच्या काचा) प्रकाश आत यायला हवा, आणि ही मर्यादा काच आणि फिल्म मिळून मोजायची असते. कंपनीची काच मुळातच ७५ टक्के प्रकाश सोडत असेल, तर तिच्यावर ५० टक्के प्रकाश सोडणारी फिल्म लावल्यावर उरतो जेमतेम ३७ टक्के. लेखात हा हिशेबच नाही! सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फिल्मवर बंदी घातली होती. पुढे नियम बदलल्यावर, मर्यादेत बसणारी प्रमाणित फिल्म चालते असं केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलं. तरी आपल्याकडे पोलीस अडवू शकतात. त्यामुळे दुकानदाराकडून काच-फिल्म मिळून किती प्रकाश येतो ते मीटरवर मोजून घ्या आणि बिलावर लिहून मागा.