वाकडं पाऊल

काल टाके काढायला गेले आणि एका खुर्चीवरून भांडण झालं. म्हणजे बोलले ते दवाखान्यात भेटलेले एक काका. मी नुसतं ऐकून घेतलं. चोख उत्तरं मला रात्री दोन वाजता सुचली, पाय तीन उशांवर आणि अंगठा ठणकत असताना.

डाव्या पायाचा अंगठा बरीच वर्षं शेजारच्या बोटावर रेलून बसला होता. शेवटी ऑपरेशन झालं. पाय जमेल तितका वर ठेवायचा हुकूम आहे, म्हणून बाहेर थांबताना समोरच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला होता.

"ताई, ही खुर्ची पायाची का?"

"ऑपरेशन झालंय हो."

"कशाचं?"

"अंगठ्याचं."

त्यांनी माझे दोन्ही हात निरखले. अंगठे जागच्या जागी होते.

"पायाच्या," मी म्हणाले.

"अच्छा, कुरूप!"

"कुरूप नाही, हाड..."

"कुरुपाला ऑपरेशन कशाला? पट्टी मिळते की दुकानात."

"काका, हाड कापलंय. आत दोन स्क्रू आहेत."

"वाढलं होतं ना? मग कानशीने घासायचं."

इथे मी चूक केली: समजावायला गेले. हाड वाढत नाही, अंगठ्यामागचं लांब हाड बाहेर सरकतं आणि अंगठा आत कलतो. ते 'झेड'सारखं कापून, सरकवून स्क्रूने आवळतात. या प्रकाराला 'स्कार्फ' म्हणतात. गळ्यातला नव्हे, सुतार दोन लाकडं अशीच जोडतात, त्या सांध्याचं नाव.

"म्हणजे सुताराकडेच जायचं होतं," काका म्हणाले आणि आसपासचे चारजण हसले. त्यातल्या एकाचा हात गळ्यात होता, तोही.

मग हुकमाचं पान पडलं. "माझे दोन्ही गुडघे बदललेत. तिसऱ्या दिवशी जिना चढलो."

गुडघ्यापुढे अंगठा काय बोलणार? दुखण्यांतही मानपान असतात. हृदयवाल्यांना सगळे उठून जागा देतात, आम्हाला "बोटाचंच तर आहे" ऐकवतात. घरचेसुद्धा. सहा आठवडे त्या टाचेवर चालायच्या बुटात एक बाजू उंच ठेवून हिंडा, कंबर धरू द्या, मग सांगा बोटाचंच. आणि सूज कित्येक महिने राहू शकते, हे मला ऑपरेशननंतर हातात ठेवलेल्या कागदावरच्या बारीक ओळीतून कळलं. आधी फक्त "तासाभराचं काम" एवढंच. तास त्यांचा, महिने माझे!

असो. मी पाय खाली घेतला. सगळं रक्त एकदम अंगठ्यात उतरल्यासारखं झालं. काका ऐसपैस बसले.

पाच मिनिटांत त्यांचा नंबर आला. उठले, फाईल खुर्चीवर टाकली. "ताई, लक्ष ठेवा. कोणाला बसू देऊ नका हं."

आणि मी ठेवलं. कुबडी घेऊन आलेल्या एका मुलाला "इथे बसलंय कोणीतरी" असं सांगून परतसुद्धा लावलं.